स्पेलिंगची वही आणि माझ्या त्याच त्याच चुका

मेलमध्ये 'नक्की येतो' एवढंच लिहायचं होतं. डेफिनेटली टाईप करताना मी मधे आयच्या जागी ए घातला, ऑटोकरेक्टने स्वतःची अक्कल चालवून त्याचं डिफायंटली केलं आणि मी न बघता सेंड. म्हणजे 'येणारच, बघू कोण अडवतंय' 😅 समोरच्याने काही म्हटलं नाही, पण माझ्या डोक्यातून दोन दिवस जाईना.

मग शाळेतलाच उपाय केला, रोज वीस शब्द, प्रत्येक दहा वेळा. काही उपयोग नाही. चौथ्या वेळेपासून डोकं बंद आणि हात नुसता वरची ओळ उतरवतोय. ओकेजन तर दोन एस टाकून दहा वेळा लिहिला, म्हणजे चूकच घोटून पक्की केली (सी दोन, एस एकच).

शेवटी ऑटोकरेक्ट बंद केलं आणि जे चुकेल ते एका वहीत लिहायला लागलो, बरोबर स्पेलिंग आणि शेजारी मी काय लिहिलेलं ते. तीन आठवड्यांनी वही चाळली तर साठेक शब्द होते, पण चुका मोजून तीन-चार प्रकारच्याच!

पहिला प्रकार डबल अक्षराचा. स्टॉपचं स्टॉपिंग करताना पी डबल होतो हे माहीत होतं, होपचं होपिंग करताना नुसता शेवटचा ई जातो, तिथे पी डबल केला तर आशा राहते बाजूला आणि उड्या मारणं होतं. लांब शब्दांत मात्र मी अंदाजपंचे ठोकायचो. तिथे जोर कुठे पडतो ते बघायचं असतं हे मला फार उशिरा कळलं. बिगिनमध्ये जोर शेवटी, म्हणून बिगिनिंगला एन दोन, डेव्हलपमध्ये जोर मधे, म्हणून डेव्हलपिंगला पी एकच (मी कित्येक वर्षं दोन लिहीत होतो). आपल्या कानाला हा जोर पटकन कळत नाही कारण मराठीत त्याने शब्दाचं काही बदलत नाही, म्हणून डिक्शनरीत शब्दाच्या उच्चारात ती छोटी उभी रेघ असते ना, ती बघायची सवय लावली, रेघेनंतरच्या भागावर जोर. ट्रॅव्हलिंग मात्र या नियमात बसत नाही, ब्रिटिश दोन एल लिहितात, अमेरिकन एक. मी दोन ठरवलेत, विषय संपला.

दुसरा प्रकार जास्त छळणारा, मधला स्वर नीट ऐकूच येत नाही. ग्रामरच्या शेवटी ए की ई? इथे शब्दाचे नातेवाईक कामाला आले. ग्रॅमॅटिकल म्हणून बघा, 'मॅ' स्वच्छ ऐकू येतो, म्हणजे ए. डेफिनेटलीला डेफिनिशन आठवायचं, 'नि' आहे, म्हणजे आय. साइनमधला जी गप्प असतो पण सिग्नेचरमध्ये बोलतो. सेपरेटला असा कामाचा नातेवाईक मिळाला नाही, तिथे मधोमध 'ए रॅट' बसलाय एवढं लक्षात ठेवलं, उंदीर काही विसरला जात नाही.

कर्ज या अर्थाच्या डेटमधला बी मात्र निव्वळ छळ आहे. फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता, नंतर विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून चिकटवला. कर्जाच्याच शब्दाला फुकटचा बोजा!

'आय आधी, ई नंतर, पण सीच्या मागोमाग उलट' वाल्या नियमावर माझा फारसा विश्वास नाही, सीझ आणि वीअर्ड दोघेही त्याला जुमानत नाहीत. त्यातला सीनंतरचा भाग तेवढा ठेवलाय, रिसीव्ह, डिसीव्ह, सीलिंग, सगळीकडे ई आधी.

सराव म्हणाल तर रात्री पंधरा मिनिटं. शब्द बघायचा, झाकायचा, लिहायचा, ताडून बघायचा. बरोबर आला तर दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. झाकणं महत्त्वाचं, समोर ठेवून लिहिलं की ते पुन्हा उतरवणंच.

चार महिने झाले, साठातले पन्नासेक आता वहीत परत येत नाहीत. एम्बॅरस मात्र काल पुन्हा आला, एस दोन लिहिले आणि आर एकच. पाचव्यांदा.