चावी माझ्याकडे कशी आली

"अख्ख्या पोर्तुगालभर गाडी तूच चालवलीस? मग दादा काय करत होता?" नणंदेने हे आतापर्यंत दोनदा विचारलंय. सोसायटीत तिघींनी विचारलं, ऑफिसात तर विचारायचं कुणी बाकी राहिलं नाही. दोष फोटोंचा आहे. प्रत्येक फोटोत स्टिअरिंगवर मी, आणि शेजारी तो, मांडीवर नकाशा घेऊन. रात्री कशेडी घाट उतरवणारा माणूस नकाशा घेऊन बसलेला पाहिला की लोकांना चैन पडत नाही. नणंदेला मी सांगितलं, गुडघा दुखत होता. ऑफिसात सांगितलं, भाड्याच्या कागदांची भानगड होती. तो स्वतः सांगतो, "हिलाच हौस." तिन्ही उत्तरं थोडी थोडी खोटी आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते.

"पोर्तुगालच का, गोवा काय वाईट होता?" याचं उत्तर मात्र देणार नाही. पोर्तुगीज किल्ल्याच्या घोडबंदर रोडला राहून आणखी पोर्तुगीज कशाला हवेत, हा विनोदही करून झालाय.

एप्रिलमधले अकरा दिवस, पोर्टोपासून खाली दक्षिणेला आणि मग लिस्बन. गाडी हवीच होती, कारण मला समुद्रातल्या कड्यांवरची करकोच्यांची घरटी बघायची होती आणि ती जिथे आहेत त्या काबो सार्दांवला रेल्वे जात नाही. पोर्टोत गाडी घेताना काउंटरवरच्या मुलीने चावी पुढे करत म्हटलं, "शाव्ह." आम्ही दोघं हसलो. पाव, बटाटा, कोबी हे शब्द त्यांच्याकडून आले हे माहीत होतं, चावीही त्यांचीच हे ती हातात पडेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. तिने ती त्याच्या हातात दिली. अर्थातच.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी कोइंब्रा. टेकडीच्या माथ्यावर विद्यापीठ आहे आणि त्यात ती सोनेरी नक्षीची जुआनिना लायब्ररी. तिथे रात्री वटवाघळं किडे खाऊन पुस्तकं राखतात आणि त्यांच्या शिटेपासून वाचवायला टेबलांवर रोज कातडी पांघरतात. तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, चुकली की चुकली. आमची चुकत आली होती. खाली गाडी लावून चढू या, असं मी म्हटलं होतं. (हे मी आजवर निदान वीस वेळा ऐकवलंय, तेव्हा इथेही ऐकवते.) फोनने आम्हाला जुन्या गावात घातलं. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला ओळीने लावलेल्या गाड्या, खाली गुळगुळीत दगड आणि समोर अंगावर येणारा चढ.

इकडे आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे गाडीचं उरलेलं अंग आपल्या डावीकडे असतं. तिथे ते उजवीकडे येतं. सवयीने माणूस रस्त्याच्या उजव्या कडेला चिकटत जातो आणि त्याला ते कळत नाही.

"उजवीकडे लागतेय."

"दिसतंय मला."

खर्रर्र. आरसा भिंतीला घासून मिटला. त्याने ब्रेक दाबला, गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली तर चढावर क्लच सुटेना, गाडी वीतभर मागे आली. मागे पावाची व्हॅन होती. पुन्हा बंद. क्लचचा जळका वास आत भरला. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. थरथरत होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याचे हात स्टिअरिंगवर थरथरलेले मी कधी पाहिले नव्हते.

अशा वेळी चांगली बायको काय म्हणते मला माहीत नाही. मी म्हणाले, "उतर. तुला नाही जमायचं हे."

आता हे वाक्य माझं नाही. ते त्याचं आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तीन हात नाक्याला सिग्नल हिरवा झाल्यावर माझ्या हातून मारुती दोनदा बंद पडली होती. मागच्या सीटवर माझे बाबा बसले होते. तेव्हा तो हेच म्हणाला होता, याच शब्दांत. मी उतरले, मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर सहा वर्षं मी गाडीला हात लावला नाही. पुढे शिकले, आता रोज घोडबंदरवरून ऑफिसला जाते. पण आम्ही दोघं एकत्र निघालो की चावी त्याच्याकडे, यावर कधी चर्चाही झाली नाही.

वाक्य त्याने ओळखलं. हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि लावलेल्या गाड्यांना अंग घासत बाहेर पडला. वळून न बघता उतार उतरून गेला.

वरच्या मजल्यावर एक आजी कपडे वाळत घालत होत्या. त्या सपाता घालूनच खाली आल्या, दुसऱ्या बाजूचाही आरसा स्वतःच मिटवला आणि मागे उभं राहून हाताने दिशा दाखवू लागल्या. "दव्हगार, दव्हगार." हळू, हळू. व्हॅनवाल्याने हॉर्न दिला नाही. तोही इंचाइंचाने मागे सरकत राहिला. चाळीसेक मीटर रिव्हर्स, बारा मिनिटं. कोपऱ्यावर पोचले तेव्हा आजींनी बॉनेटवर थाप मारली. आणि मला इतका आनंद झाला, की नवरा कुठे आहे हे पाच मिनिटं आठवलं नाही. हे मी नणंदेला कसं सांगू?

तो खाली फुटपाथवर खिशात हात घालून उभा होता. मी काच खाली करून विचारलं, "बसतोस का?" तेही रिक्षावाल्याने विचारावं तसं.

लायब्ररी गेली ती गेलीच.

आता माझी बाजू. बुकिंग करताना दुसऱ्या ड्रायव्हरचे जादा पैसे भरायचा आग्रह मी धरला. तो म्हणाला, "कशाला उगाच?" मी म्हटलं, अडीनडीला असावं. इंटरनॅशनल परमिट दोघांचंही काढलं. निघायच्या आधी महिनाभर, तो झोपल्यावर, तिथल्या चौकांचे व्हिडिओ बघायचे. पहिल्याच फाट्याने बाहेर पडायचं असेल तरच गोल चौकात बाहेरची लेन धरायची, नाहीतर आतली, हा त्यांचा नियम मला पाठ होता. अभ्यास करणं काही गुन्हा नाही. पण मग त्याला का दाखवले नाहीत ते व्हिडिओ? तो "मला कळतं" म्हणाला असता, म्हणून. नक्की म्हणाला असता? विचारलंच नव्हतं. मी वाट बघत होते का, असं हल्ली वाटतं. मग वाटतं, छे, इतकी कारस्थानी मी नाही. मग पुन्हा वाटतं.

पुढचे चार दिवस आम्ही दिशांपुरतं बोललो. अल्कोबासाच्या मठात राजा पेद्रू आणि त्याची प्रेयसी इनेश यांच्या चुनखडीच्या दगडातल्या शवपेट्या पायाला पाय येतील अशा ठेवल्यात. इनेशला पेद्रूच्या बापाने 1355 मध्ये मारवलं, त्याच कोइंब्रात. जगाच्या शेवटी, न्यायाच्या दिवशी उठून बसतील तेव्हा दोघांना आधी एकमेकांचं तोंड दिसावं, अशी कल्पना. आम्ही तिथे शेजारी शेजारी उभं राहून समोर बघत होतो. गाडीत बसल्यासारखे.

कोंडी फुटली ती बुचाच्या झाडांनी, म्हणजे ज्यांच्या सालीची बाटल्यांची बुचं करतात त्या ओकांनी. दक्षिणेकडच्या अलेंतेजू भागात रस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळी-जांभळी रानफुलं आणि मधून बुचाचे ओक, खोड सोलून लालतपकिरी झालेले. त्यावर पांढऱ्या रंगात एकेक आकडा. साल ज्या वर्षी काढली त्या वर्षाचा शेवटचा आकडा तो. पुढची नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही, तसा कायदाच आहे. "तीन," तो अचानक म्हणाला. "म्हणजे आता बत्तीस साली." मग पुढचा तासभर तो आकडे वाचत होता आणि मी हिशोब करत होते.

25 एप्रिलला आम्ही एव्होरात होतो. लोकांच्या छातीवर लाल कार्नेशन. 1974 मध्ये याच दिवशी सैनिकांच्या बंदुकांत ती खोवून हुकूमशाही गेली. इतिहास त्याचा विषय. म्हणाला, "गोवा आपण 1961 मध्ये घेतला. यांनी मान्य केला तो या क्रांतीनंतर, डिसेंबर 1974 मध्ये. तेरा वर्षं लागली." मी म्हटलं, "आपल्याकडे सत्तावीस." तो हसला नाही. पण "बाबा होते मागे, नाही का," एवढं म्हणाला. बाबा मागे होते हे त्याच्या लक्षात आहे, हेच मला माहीत नव्हतं.

करकोचे दिसले. भर समुद्रात उभ्या सुळक्यावर काटक्यांचा ढीग, खाली लाटा फुटताहेत आणि वर एक पक्षी शांतपणे पिसं साफ करतोय. तो फोटो त्याने काढलाय.

लिस्बनला गाडी परत करताना आरशावरच्या ओरखड्याचे पैसे भरले. कुणी केला, असं काउंटरवर कुणीच विचारलं नाही. ते तुम्ही विचारता.

ठाण्याला आल्यावर पहिल्या शनिवारी भाजी आणायला निघालो. लिफ्टमध्ये त्याने नेहमीसारखा हात पुढे केला आणि मी नेहमीसारखी चावी दिली. परत आल्यावर बेसमेंटमध्ये, खांब आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या मधल्या फटीत, त्याने गाडी एका दमात रिव्हर्स लावली. मला तीनदा पुढे-मागे करावी लागते.