रुंद काठाची हॅट आणि आपले खांदे

उन्हात बाहेर पडताना मी रुंद काठाची हॅट घालते आणि त्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : "तुम्हाला हॅट शोभते, मग आम्हालाच का शोभत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे मत असे आहे की, हॅट न शोभण्याचे कारण चेहऱ्यात क्वचितच असते. दुकानातल्या छोट्या आरशात फक्त चेहरा आणि हॅट दिसते आणि तेवढ्याशा चौकटीत कोणताही रुंद काठ अवाढव्य वाटतो. समोरच्या माणसाला मात्र आपण डोक्यापासून पायांपर्यंत दिसत असतो. म्हणून हॅट नेहमी पूर्ण उंचीच्या आरशासमोर, चार पावले मागे सरकून, आणि एकदा बाजूनेही पाहावी. काठ खांद्यांच्या रुंदीबाहेर गेला की अंगापेक्षा हॅटच मोठी दिसू लागते, आणि उंची कमी असेल तर हे अधिकच जाणवते. मान आखूड असेल तर मागचा काठ कॉलरला टेकून हॅट सारखी पुढे ढकलली जाते. अशा वेळी मागे किंचित वर वळलेला काठ घ्यावा. गोल चेहऱ्याला अमुक, लांबट चेहऱ्याला तमुक अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. हॅटचा वरचा भाग गालांच्या हाडांपेक्षा अरुंद नसावा, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

माप मात्र नेमके हवे. भुवयांच्या थोडे वरून, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप आडवी फिरवावी, आणि त्या वेळी केस रोज बांधता तसेच बांधलेले असावेत, कारण अंबाड्याने हॅटची बैठक पार बदलते. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठे घ्या. आतल्या पट्टीमागे फोमची पातळ पट्टी सरकवून सैल हॅट घट्ट करता येते. घट्ट हॅट मात्र कपाळावर वळ उठवते आणि तासाभरात हातात येते.

हॅट उन्हासाठी घेत असाल तर काठ चहूबाजूंनी किमान ७.५ सें.मी. असावा, म्हणजे कान आणि मानही सावलीत राहतात. हॅट उजेडाकडे धरून पाहा : विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसत असतील, तर तिथून ऊनही आत येणार. लेबलवर यूपीएफ ५० असे लिहिलेले असेल, तर त्या कापडातून अतिनील किरणांचा सुमारे पन्नासावा हिस्साच आत येतो. पाणी, वाळू किंवा बर्फ यांवरून परावर्तित होणारे किरण मात्र खालून चेहऱ्यावर येतात आणि काठ त्यांना अडवू शकत नाही, म्हणून हॅट असली तरी सनस्क्रीन लावावेच.

आता घालण्याविषयी, कारण बरेचसे इथेच बिघडते. चेहरा झाकला जाईल या संकोचाने अनेकजण हॅट डोक्याच्या मागच्या बाजूला ठेवतात. मग काठ कपाळामागे उभा राहतो, सावली पडत नाही आणि हॅट कोणीतरी डोक्यावर ठेवून दिल्यासारखी दिसते. ती पुढे ओढून भुवयांच्या वर एक-दोन बोटांवर, जवळजवळ आडवी बसवावी. किंचित तिरकी केली तरी छान दिसते, पण तो कल सुरुवातीला अगदी थोडा असू द्यावा. वारा असेल तर हनुवटीखाली दोरी बांधायला अजिबात लाजू नये.

उचलताना हॅटचा माथा चिमटीत धरण्याची सवय फार जणांना असते. गवताच्या हॅटला नेमकी तिथेच चीर जाते. इक्वेडोरमध्ये टोकिया या ताडासारख्या वनस्पतीच्या तंतूंची जी हॅट विणतात आणि जग जिला पनामा म्हणते, ती विणण्याच्या कलेला युनेस्कोने २०१२ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. इतक्या बारकाईने विणलेली वस्तू दोन्ही हातांनी, काठाला धरून उचलावी. घरी आल्यावर ती काठावर टेकवू नये, नाहीतर काठाचा बाक बिघडतो. उलटी करून तिच्या माथ्यावर टेकवून ठेवावी.