स्विंडनचं मतदान केंद्र, २३ जून २०१६

पोल क्लार्कचं काम दिसायला अगदी साधं असतं. मतदार आला की पत्ता विचारायचा, यादीत पट्टी सरकवत नाव शोधायचं, नावावर रेघ मारायची, त्याचा क्रमांक दुसऱ्या तक्त्यावर मतपत्रिकेच्या क्रमांकासमोर लिहायचा आणि मतपत्रिका हातात द्यायची. सकाळी ७ ते रात्री १०, केंद्र सोडून कुठेही जायचं नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा मतदानाला ओळखपत्र मागत नसत, बोटाला शाई लावायचा तर प्रश्नच नाही. लाकडी आडोसा, दोरीने बांधलेली पेन्सिल आणि एक काळी पेटी. भारतात मतदान यंत्राचं बटण दाबून आलेल्या माणसाला हे सगळं जुन्या काळातलं वाटतं, पण या कागद-पेन्सिलीवर इथल्या लोकांचा भारी विश्वास. निदान त्या दिवसापर्यंत होता.

मी मूळची बांद्याची. सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीला लागून असलेलं आमचं गाव. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडात स्विंडनला आले, इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, काऊंटरवर काम करू लागले आणि निवडणूक आली की पोल क्लार्कच्या ड्युटीला नाव देऊ लागले. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, या सार्वमताच्या दिवशीही मी अशीच एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलामागे बसले होते.

तोवर गावात वादाने कळस गाठला होता. स्विंडन हे पूर्वी रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इथला कारखाना १९८६ मध्ये बंद पडला, पुढे होंडाचा मोटारींचा कारखाना आला, मोठमोठी गोदामं आली, आणि त्या गोदामांत काम करायला पोलंडचे, रुमानियाचे आणि आपले गोव्याचे लोक आले. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिलेलं असायचं की आपण युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा असल्याचं जाहीर केलं, तरी बस फिरतच राहिली. राहा म्हणणाऱ्यांचा सगळा भर भीती घालण्यावर. घरांच्या किमती पडतील, नोकऱ्या जातील, अमुक हजार पौंडांचं नुकसान होईल. युनियन नेमकी करते काय, हे समजावून सांगायच्या फंदात फारसं कुणी पडलं नाही. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, खासदार जो कॉक्स यांचा भर रस्त्यात खून झाला. त्या युनियनमध्ये राहण्याच्या बाजूच्या. दोन्हीकडचा प्रचार थांबला, आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा लोक एकमेकांशी जरा दबकून बोलत होते.

आमच्या कोपऱ्यावरचे दुकानदार पंजाबी. ते उघडपणे बाहेर पडण्याच्या बाजूचे होते. त्यांच्या भाच्याला तीनदा व्हिसा नाकारलेला. ते म्हणायचे, "युरोपातला कुणीही बॅग उचलून येतो, आणि माझ्या बहिणीच्या मुलाला कागदांवर कागद मागतात. हा कुठला न्याय?" प्रीती पटेल तेव्हा मंत्री होत्या. बाहेर पडलो तर दक्षिण आशियातल्या लोकांशी आणि करी हाउसच्या आचाऱ्यांशी होणारा दुजाभाव संपेल, असं त्या सांगत होत्या. त्यांचं खूप लोकांना पटलं. मला ते पटलं नाही, पण दुकानदारांचा संताप खोटा नव्हता. मी स्वतः राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं, पोस्टाने, ड्युटीवर असणार म्हणून. भारतीय पासपोर्टवर. कॉमनवेल्थ देशांचे नागरिक इथे राहत असतील तर त्यांना संसदेच्या निवडणुकीत मत आहे, आणि सार्वमतालाही तीच मतदारयादी धरली होती.

त्या दिवशी सकाळपासूनच रांग होती. इतकी गर्दी मी कौन्सिलच्या निवडणुकीला कधी पाहिली नव्हती. ज्यांनी आयुष्यात मत दिलं नव्हतं असे लोक येऊन विचारत होते, "आता नेमकं काय करायचं?" पन्नाशीच्या एका बाईंना मतपत्रिका घडी कशी करायची ते मी दाखवलं.

आणि पेनं! पेन्सिलीने केलेली खूण रात्रीतून खोडून टाकतील, अशी अफवा उठली होती. त्यात गुप्तहेर खात्याचंही नाव होतं. माणसं खिशातून बॉलपेन काढून मला दाखवायची, चालेल ना म्हणून विचारायची. चालतं, नियमात कुठेही पेन्सिलीचं बंधन नाही. एका आजोबांनी तर स्वतःचं पेन वापरून झाल्यावर पुढच्या तरुणाला दिलं आणि म्हणाले, "घे, त्यांना खोडू देऊ नकोस." हे 'ते' कोण, हे विचारायचा मला अधिकार नव्हता, पण तो शब्द दिवसभर कानावर पडत होता.

तेच आजोबा पेटीत मत टाकून परत टेबलाशी आले. रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. म्हणाले, "१९७५ सालच्या सार्वमतात मला राहायचं का म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी हो म्हटलं. तेव्हा तो नुसता व्यापारासाठीचा सामायिक बाजार होता. त्याचं युनियन कधी झालं, ते मला कुणी विचारलं नाही. ४१ वर्षांनी आज विचारतायत." आमच्या प्रिसायडिंग ऑफिसर बाईंनी त्यांना हलक्या आवाजात, केंद्रात बोलू नका, असं सांगितलं. ते टोपी हातात घेऊन निघून गेले. त्यांनी खूण कुठे केली ते मला माहीत नाही, आणि त्यावर मी तर्कही करणार नाही. पण त्या एका वाक्याने मला जेवढं समजलं, तेवढं कुठल्याच टीव्हीवरच्या चर्चेने समजलं नव्हतं. या देशात मायदेशाच्या कारभाराबद्दल 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणणारे लाखो लोक होते, आणि त्यांना तुम्ही अडाणी आहात असं सांगून उत्तर मिळणार नव्हतं.

दुपारी, सकाळची शिफ्ट सुटण्याच्या वेळेला, एक जोडपं आलं. दोघांच्या अंगावर गोदामातली पिवळी जाकिटं. बाईंनी पत्ता सांगितला. नाव सापडलं, आडनाव फर्नांडिस-डिसोझांच्या जातकुळीतलं, आणि त्याच्याआधी छापलेलं जी हे अक्षर. यादीत हे अक्षर असतं म्हणजे मतदार युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या देशाचा नागरिक. त्याला तेव्हा कौन्सिलच्या निवडणुकीत मत होतं, यात नाही.

मी इंग्रजीत सांगितलं, सॉरी, या मतदानात तुम्हाला मत देता येणार नाही.

बाईंना ते खरंच वाटेना. मे महिन्यात त्यांनी याच हॉलमध्ये, याच टेबलाशी कौन्सिलचं मत दिलं होतं. नवऱ्याला बहुतेक ठाऊक असावं, तो मागे उभा राहून गप्प होता. बाईंची नजर माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेली आणि त्या एकदम कोकणीत म्हणाल्या, "तूं खंयची गो?"

"बांद्याची."

"बांद्याची? आनी तुका वोट आसा?"

"आसा," मी म्हटलं. टेबलामागून तो शब्द उच्चारताना मला फार जड गेलं.

त्या म्हापशाच्या. लहानपणी आमच्याकडची माणसं शुक्रवारच्या बाजाराला एसटीने म्हापशाला जायची, मीही गेले आहे. मध्ये फक्त पत्रादेवीचा नाका. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती हद्द दोन देशांमधली होती. म्हणून त्या हद्दीच्या पलीकडे त्याआधी जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. हद्दीच्या अलीकडे, आमच्या बाजूला जन्मलेल्यांना नाही. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपच्या संघात, त्यामुळे तो पासपोर्ट हातात आला की इंग्लंडात व्हिसाशिवाय राहता-कमावता येत होतं. स्विंडनमध्ये गोंयकारांची एवढी वस्ती झाली ती यातून. आणि त्यासाठी भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.

नवऱ्याने बाईंना हे समजावून सांगितलं. भारताचा पासपोर्ट असता तर मत मिळालं असतं. युनियनमध्ये असूनही कॉमनवेल्थच्या म्हणून सायप्रस आणि माल्टाच्या लोकांना आहे, आयर्लंडच्या लोकांना आहे, पोर्तुगालच्या नाही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे हा पासपोर्ट काढला नसता तर मत मिळालं असतं?"

"आणि काढला नसता तर इथे आलो कसे असतो?" तो म्हणाला.

मागे रांग खोळंबली होती. प्रिसायडिंग ऑफिसर बाई आल्या, त्यांनी नीट, आदराने नियम सांगितला. जोडपं बाजूला झालं. जाताना बाईंनी मला फक्त विचारलं, "मग आम्हाला जावं लागेल का?" मला उत्तर माहीत नव्हतं. त्या दिवशी ते पंतप्रधानांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत अशी आणखी माणसं आली. पोलंडचे दोघे, इटलीची एक नर्स, गोव्याचे कितीतरी. बहुतेकांना आपल्याला मत नाही हे ठाऊक होतं, तरी ते विचारायला आले होते.

रात्री १० ला दार बंद झालं. पेटीला सील लावून, वापरलेल्या आणि उरलेल्या मतपत्रिकांचा हिशेब जुळवताना मी प्रिसायडिंग ऑफिसर बाईंना न राहवून म्हटलं, "ज्यांचं घरदार या निकालावर टांगलेलं आहे त्यांनाच तेवढं वगळलं, हे तुम्हाला बरोबर वाटतं?"

त्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी आकडेमोड थांबवली नाही. म्हणाल्या, "देशाने कुठल्या संघात राहायचं हे देशाच्या नागरिकांनी ठरवायचं. फ्रान्समध्ये राहिले म्हणून मला तिथल्या सार्वमतात मत मागता येईल का?"

"पण मी तुमच्या देशाची नागरिक नाही, आणि मी मत दिलं आहे."

यावर त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "ते साम्राज्यापासून चालत आलंय."

मी त्यांना स्कॉटलंडची आठवण दिली. २०१४ मध्ये स्वातंत्र्याच्या सार्वमतात स्कॉटलंडने तिथे राहणाऱ्या युरोपियन नागरिकांना मत दिलं होतं, १६ वर्षांच्या मुलांनाही. म्हणजे ठरवलं तर करता येतं. त्या म्हणाल्या, तसं केलं असतं तर हरलेल्या बाजूने निकाल कधीच मानला नसता. हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. तरीही मला वाटतं की वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या, मुलं इथल्या शाळेत घालणाऱ्या माणसांच्या भवितव्याचा फैसला त्यांना बाहेर उभं करून करणं हा अन्याय होता. आमचं एकमत झालं नाही. हिशेब मात्र पहिल्या फेरीत जुळला.

पहाटे निकाल आला. बाहेर ५१.९ टक्के, आत ४८.१. स्विंडनमध्ये तर बाहेर पडण्याच्या बाजूने जवळपास ५५. नऊ वाजायच्या आत डेव्हिड कॅमेरून यांनी पद सोडत असल्याचं सांगितलं, आणि मी काऊंटर उघडला तेव्हा समोर माणसं उभी होती. मुलीचा शाळेचा प्रवेश रद्द होणार का? घरभाड्याची मदत बंद होणार का? एकाने तर पुढच्या सोमवारी कामावर जाऊ का, असं विचारलं. दिवसभर मी एकच सांगत राहिले की कायदा आज बदललेला नाही, काल होतं ते सगळं आजही आहे. काही जणांना ते दोनदा-तीनदा सांगावं लागलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. देश ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला. होंडाने २०२१ मध्ये स्विंडनचा कारखाना बंद केला. ब्रेक्झिट हे त्याचं कारण नाही असं कंपनीने सांगितलं, आणि गावात अर्ध्या लोकांचा त्यावर विश्वास आहे, अर्ध्यांचा नाही. पंजाबी दुकानदारांचा भाचा आला, त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरं ठरलं.

म्हापशाच्या बाईंची पुन्हा गाठ पडली ती त्यांचा कायम वास्तव्याचा अर्ज भरताना. ३० जून २०२१ च्या मुदतीआधी इथे राहणाऱ्या, आयर्लंडचे सोडून बाकी युरोपियन नागरिकांना तो भरायचा होता. पासपोर्टमधली चिप फोनने वाचायची असते. त्यांच्या फोनला ती काही केल्या वाचता येईना, शेवटी माझ्या फोनवर जमलं. दोघांनाही परवानगी मिळाली. कौन्सिलच्या निवडणुकीत त्यांना अजून मत आहे, संसदेच्या नाही. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व घ्यावं लागेल, आणि त्याची फी माणशी हजार पौंडांहून जास्त. नवरा म्हणतो भरूया, पुढच्या वेळी कुणी टेबलावरून परत पाठवायला नको. बाई म्हणतात, त्या पैशांत म्हापशाच्या घराचं छप्पर होईल. गेल्या आठवड्यात दोघं काऊंटरवर येऊन फॉर्म घेऊन गेले, तेव्हाही त्यांचं तेच चाललं होतं.