घोटाभर बर्फातलं गुलमर्ग

डिसेंबरच्या मध्यात स्कीइंगसाठी गुलमर्गला जाणं हा जुगारच. काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, चिल्लई कलान, सुरू होतात २१ डिसेंबरला. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात मनासारखा बर्फ बहुतेक वेळा त्यानंतरच देतात. पण नाताळच्या आधी विमान आणि हॉटेल दोन्ही परवडतं, म्हणून मी आणि माझा मेहुणा निघालो.

तयारी ठाण्यातच झाली. पाठीवर वजन घेऊन येऊरचा चढ, आणि सोसायटीच्या बागेत ट्रान्सीव्हरचा सराव. हे यंत्र छातीवर बांधायचं. ते ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडत राहतं. कोणी हिमस्खलनात गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपापली यंत्रं शोधावर टाकून त्याला गाठायचं. पहिल्या पंधराएक मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची आशा चांगली, पुढे ती झपाट्याने घटते. मेहुण्याने एक यंत्र पालापाचोळ्याच्या ढिगात पुरलं. बाण आणि आकडे बघत मी वाकून फिरतोय, तोच वॉचमनकाका आले. "साहेब, किल्ली हरवली का?" मग तेही शोधू लागले. फोन मात्र यंत्रापासून निदान अर्धा मीटर लांब हवा, नाहीतर आकडे वाटेल तसे नाचतात.

तंगमर्गला गाड्यांच्या चाकांना साखळ्या लावून देणारी पोरं ऊन खात बसली होती. वरचा घाट कोरडा ठणठणीत. २,६५० मीटरवरच्या गुलमर्गच्या मैदानात बर्फातून गवताची टोकं डोकावत होती. गंडोलाने, म्हणजे रोपवेने, कोंगडोरी गाठलं, तेव्हा कुठे घोटाभर बर्फ लागला.

तिथून पुढे स्की घालूनच चढायचं. स्कीच्या तळाला स्किन चिकटवतात: एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला नायलॉनची आखूड लव. लव मागे झुकलेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी, पायाचा पुढचा भाग अडकवलेला. मेहुण्याचा स्प्लिटबोर्ड, म्हणजे दोन तुकड्यांचा स्नोबोर्ड, लांबीत उभा सुटतो आणि चढताना त्याच्या दोन स्की होतात; वर पोचलं की तुकडे जोडायचे. खटक्यात बर्फ गोठून बसला, तर हातमोजे काढून नखाने कोरत बसा. तो कोरत होता, मी चिक्की खात होतो.

सह्याद्रीत भटकलेल्याला हा डोंगर तसा ओळखीचा वाटतो. धारेवरचा बर्फ वाऱ्याने उडवलेला, उरलाय नुसता घसारा. फरच्या रानात आडवी पडलेली खोडं जेमतेम झाकलेली, म्हणजे उघडी असण्यापेक्षा वाईट. उडालेला बर्फ साठतो नळीत, म्हणजे अरुंद घळीत. सगळीकडे दगड दिसत असताना ती मात्र पांढरीशुभ्र, काठोकाठ भरलेली. मेहुणा पाघळलाच. "दाजी, बोर्ड चालवण्यासारखी एवढीच तर जागा आहे!"

आमचे वाटाडे चाचा तंगमर्गचे, पन्नाशी उलटलेले. बोलले काही नाहीत. नळीच्या कडेला, सपाटीवर, त्यांनी फावड्याने खड्डा खणला. वरचा थर वाऱ्याने दाबून टणक झालेला. तुकडा अख्खा निघाला. त्याखालचा बर्फ मी मुठीत दाबला, पण गोळा होईना. दाणे बोटांतून ओघळून गेले.

"नीचे सब चीनी है, साहब."

थर पातळ असला की असं होतं. जमीन शून्य अंशाच्या आसपास, वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री कितीतरी खाली उतरलेला, आणि मध्ये अंतर जेमतेम हातभर. दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला, की खालची वाफ वर सरकत राहते, दाण्यांना कोन फुटतात आणि ते एकमेकांना धरेनासे होतात. जाड थरात तोच फरक मीटर-दीड मीटरवर पसरतो. बर्फ कमी म्हणजे धोका कमी, हे ठाण्यात बसून सहज पटतं. इथे स्की चालण्याइतका बर्फ फक्त नळीत होता, तोही चीनीवर बसलेला, आणि उतार तीस अंशांच्या वर, म्हणजे वरचा टणक थर सुटून घसरायला मोकळा.

नळी सोडली. चाचांनी पंचवीस अंशांच्या आतला एक गवताळ उतार दाखवला. उन्हाळ्यात तिथे मेंढरं चरतात, त्यामुळे दगड कमी. रुंद, सावकाश वळणं घेतली. स्कीची कड जास्त रोवली की गवत लागायचं. शेवटच्या टप्प्यात खर्रर्र करून भाड्याच्या स्कीला बोटभर चर पडली. दुकानदाराने प्लॅस्टिकची कांडी पेटवून ती भरली, घासून सपाट केली आणि डिपॉझिटमधून पैसे कापले. मेहुण्याच्या बोर्डाला ओरखडाही नाही, हे तो अजून सांगत फिरतो.

डिसेंबरची ही चीनी पुढे नव्या बर्फाखाली झाकली जाते, पण बरेचदा तशीच टिकते. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, बर्फ महिनाअखेरीला आला, आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. मेहुणा आता फेब्रुवारीची तिकिटं बघतोय. त्याला म्हटलं, गंडोलात बसण्याआधी स्की पेट्रोलवाल्यांना, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्यांना, गाठ आणि त्या नळीखाली आता काय आहे ते विचार.

"विचारतो, दाजी. आधी रजा तर मिळू दे."