रात्री साडेदहानंतरचे स्पीकर : नोंद चौथी

मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं की डावा स्पीकर बिघडलाय. शब्द मागे घेतो.

नव्यांसाठी थोडक्यात: सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट, शेजारच्या खोलीत आई झोपते, आणि माझं ऐकणं साडेदहाला सुरू होतं. "हळू कर की रे" असा आवाज भिंतीपलीकडून येऊ नये, तरी ख्याल भरल्यासारखा वाटावा, एवढीच मागणी. त्यासाठी मोठे टॉवर स्पीकर ठेवायचे की छोटे, हे तपासतोय. आकड्यात सांगायचं तर खुर्चीपाशी ५० ते ५५ डेसिबल. मोबाइलच्या ॲपवरचा हा आकडा कामचलाऊ आहे, पण तुलनेपुरता चालतो.

तर डावी बाजू. व्हॉल्यूमचा नॉब अगदी खाली आणला की गायक उजवीकडे सरकायचा. दोन आठवडे स्पीकरला शिव्या दिल्या. मग वायरी तिथल्या तिथे ठेवून नुसते स्पीकर एकमेकांच्या जागी ठेवले. गायक तरीही उजवीकडेच! म्हणजे खोट ॲम्पमध्ये, स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये. स्वस्त नॉबच्या पोटात डाव्या-उजव्याचे दोन वेगळे ट्रॅक असतात आणि फिरवण्याच्या सुरुवातीला त्यांचं एकमेकांशी जमत नाही. मोठ्याने ऐकणाऱ्याला हे कधी कळतच नाही. दुकानात मलाही कळलं नव्हतं, तिथे नॉब अर्ध्यावर होता.

उपाय चिल्लरीत झाला. ॲम्पच्या इनपुटला प्रत्येक बाजूला १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीत आणि १ किलोओहमचा ग्राउंडला. साधारण २१ डेसिबल घटले, नॉब मधोमध आला, गायक मधोमध आला.

पण एक गेलं. माझ्या जुन्या ॲम्पवर लाउडनेसचं बटण आहे आणि ते नॉबच्या जागेशी बांधलेलं असतं: नॉब खाली तर बास जास्त, नॉब वर तर बास कमी. आता नॉबच वर आला, म्हणून बटण दाबलं काय, न दाबलं काय, सारखंच. आणि हळू आवाजात त्या बटणाची खरंच गरज असते. आपला कान हळू आवाजात खालच्या सुरांना बहिरा होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. आजच्या प्रमाण आलेखांनुसार १ किलोहर्ट्झचा ८० डेसिबलचा सूर आणि ६३ हर्ट्झचा साधारण ९८ डेसिबलचा सूर कानाला सारखे वाटतात. तेच वरचा सूर ४० वर आणला तर खालचा ७३ लागतो. म्हणजे सगळं मिळून ४० डेसिबल खाली आणलं, तर खालच्या सुराला फक्त २५ खाली यायची परवानगी आहे. उरलेले १५ कोणीतरी भरून द्यायला हवेत. यामाहाच्या काही ॲम्पना यासाठी वेगळा फिरता नॉब असतो. तो माझ्या खिशाबाहेर, म्हणून तूर्त बासचा नॉब दोन वाजल्याच्या खुणेवर ठेवलाय.

मधल्या रविवारी मित्राच्या तंबोऱ्याची जवारी लावायला, म्हणजे तारेचा झंकार खुलवून घ्यायला, मिरजेला गेलो. सतारमेकरांच्या दुकानात कारागीर घोडीवर दोरा सरकवत होते आणि एका क्षणी तार अशी उघडली की रस्त्यावरची रिक्षा ऐकू येईना. गंमत म्हणजे तंबोरा मुळात हळूच वाजतो. म्हणजे माझा रात्रीचा आवाज ही तडजोड नव्हेच, तो तंबोऱ्याच्या आसपासचाच आवाज आहे. आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) सा धरला तर खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ येतो, पण आपण ऐकतो ते मुख्यतः जवारीने उमलवलेले वरचे स्वर. म्हणून तंबोऱ्यावरून बास तपासायचा माझा हट्ट चुकीचा होता. छोटा स्पीकरही तंबोरा छान वाजवतो. बास तपासायचा तो डग्ग्यावर, मनगट दाबून घेतलेल्या मींडेवर, म्हणजे घसरत जाणाऱ्या सुरावर. तंबोऱ्यावर तपासायचं ते बारीक काम. रेकॉर्डिंगमध्ये तो गळ्याच्या खाली दबलेला असतो आणि हळू आवाजात सगळ्यात आधी तोच पंख्याच्या आवाजाखाली जातो.

पंखा तीनवर असताना खोलीत ४४, बंद केला की ३१. एप्रिलमध्ये सांगलीत पंखा बंद करणं म्हणजे आत्मक्लेश, तेव्हा एकवर तह झाला: ३६.

आता मुख्य निकाल. सहा इंची दोन-दोन वूफरचे (खालचे सूर वाजवणाऱ्या भागांचे) टॉवर विरुद्ध कोल्हापुरातून जुने घेतलेले पाच इंची, बंद पेटीचे, शेल्फवरचे. दोन्हींचा आवाज पिंक नॉइजवर (तपासणीसाठीच्या एकसारख्या खरखरीवर) ५५ ला जुळवला. हे केल्याशिवाय तुलना करूच नका. एका डेसिबलने मोठा असलेला स्पीकर कानाला 'चांगला' वाटतो. तीन मीटरवरच्या सोफ्यावरून टॉवर भारदस्त, पण त्यांचा बास भिंतीतून थेट आईच्या खोलीत. खुर्ची सव्वा मीटरवर ओढली तर टॉवरचे वूफर आणि वरचे सूर वाजवणारे ट्विटर वेगवेगळे ऐकू येतात. छोटे तिथेच जुळून येतात. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवले तर भिंत त्यांना बास उसना देते. मींड टॉवरइतकी खोल नाही, पण कळते. गळ्याच्या मागचा तंबोराही पंखा एकवर असताना शेवटपर्यंत ऐकू येतो. छोटे जिंकले.

जास्त सेन्सिटिव्हिटीचा आग्रह मी सोडलाय. माझे ८५ चे, म्हणजे एका मीटरवर १ वॉटला ८५ डेसिबल. मला ५५ हवेत, म्हणजे हजारांश वॉटचं काम. उलट मित्राचे ९२ चे लावले तेव्हा ॲम्पची सूं सूं तेवढी जास्त ऐकू आली.

टॉवर विकायचे आहेत. तूर्त एकावर आईने मनीप्लांटची कुंडी ठेवली आहे.