घंटी वाजली तरी

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटलं आणि मला आधी आठवली ती वादविवादाच्या टेबलावरची पितळी घंटी. खरं तर ती पूजेतली. स्पर्धेच्या दिवशी शिपाईकाका ती सरस्वतीच्या फोटोपुढून उचलून आणायचे.

साल १९८१, मी नववीत. विषय होता ‘सर्वोत्तम राज्यपद्धती कोणती?’. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या. देशात अध्यक्षीय पद्धत आणावी का, यावर तेव्हा पेपरात बरंच छापून येई, म्हणून ती चिठ्ठी सगळ्यांना हवी होती. माझ्या हाती आली हुकूमशाही.

राजेशाहीची चिठ्ठी गेली नागपूरच्या महाल भागातल्या एका मित्राकडे. भोसल्यांच्या वाड्याजवळ राहतो म्हणून तो आधीच अर्धा राजा! त्याने बंगालच्या स्वाऱ्या अशा रंगवल्या की पोट्टे बाकं वाजवायला लागले. सरांनी एवढंच विचारलं, “आणि १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले तेव्हा?” पोटी मुलगा नव्हता, डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केलं. गडी तिथेच गार.

माझं भाषण मात्र घरी घोटून झालं होतं. ‘आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या’ हे माझं हुकमी वाक्य. बाबा रेल्वेत, अजनीला. ते ऐकून पेपर खाली न घेताच म्हणाले, “धावत असतील बाप्पा. उशीर झाला असं छापायची सोय होती काय?” मी ते काही मनावर घेतलं नाही. वाक्य टाळ्यांचं होतं.

टाळ्या मिळाल्याच. चार मिनिटांची घंटी वाजली, पाचाचीही वाजली. मी बोलतच राहिलो. अंगात आलं होतं म्हणा ना. निकालात दुसरा आलो आणि फणफणत सरांकडे गेलो.

“हुकूमशाहीवर बोललास, त्याचे गुण पूर्ण दिले,” सर म्हणाले. “घंटी वाजल्यावर खाली बसला नाहीस, त्याचे कापले. काहून, चुकलं काय माझं?”

मग त्यांनी कपाटातून वही काढली. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेब काय बोलले, ते त्यांनी उतरवून ठेवलं होतं. सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त. संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण तिथे निवडणुकीखेरीज रोजचीही झडती असते: प्रश्न, ठराव, अविश्वास. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं होतं. मला तेव्हा त्यातलं ‘रोजची झडती’ एवढंच कळलं, तेही अर्धवट.

डिसेंबरात अधिवेशन नागपुरात आलं. सरांनी पास मिळवून आम्हा दहा जणांना विधानभवनाच्या गॅलरीत नेलं. टाळ्या नाहीत, पायावर पाय नाही. खाली एक आमदार कुठल्याशा गावच्या हातपंपाबद्दल विचारत होते आणि मंत्री कागद चाळत होते. एक कागद खाली पडला. “माहिती घेऊन सांगतो.” आमदार पुन्हा उठले. मंत्री पुन्हा उठले.

“काय बोर आहे बे,” महालातला राजा कुजबुजला.

तेवढ्यात अध्यक्षांनी बेल वाजवली. मंत्री वाक्य अर्धवट सोडून खाली बसले. सरांनी मान वळवली नाही. फक्त त्यांचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं.