पीव्हीचे वजन

दुरुस्तीच्या दुकानातल्या गृहस्थाने माझ्या बास अँपच्या, म्हणजे बास गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या, जाळीवरचे नाव वाचले, मागची बाजू न उघडताच मान हलवली आणि म्हणाला, "यात पैसे घालू नकोस, नवीन घे." नुसत्या तपासणीची फी ९० डॉलर होती आणि तो अँप मी दोन वर्षांपूर्वी १२० डॉलरला विकत घेतला होता, त्यामुळे त्याचा हिशेब चुकीचा होता असे मला म्हणता येत नाही. परंतु शाळेत असल्यापासून पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, खेटे घातलेल्या माणसाला, वस्तू न उघडता तिचा निकाल लावणे म्हणजे रोग्याची नाडीही न पाहता त्याला परत पाठवण्यासारखे वाटते. ते ३४ किलोंचे खोके मी पुन्हा गाडीत चढवले आणि घरी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात त्या गृहस्थाशी भांडत राहिलो. हे लिहिण्याचे कारण तेच भांडण आहे.

माझा अँप पीव्ही कंपनीचा, टीएनटी मालिकेतला, १९८०च्या दशकातला आहे. एकच जड खोके, त्यात १५ इंची स्पीकर आणि वरच्या बाजूला अँप्लिफायर, अशी त्याची साधी रचना आहे. मी राहतो ते बर्मिंगहॅम अमेरिकेच्या अलाबामा राज्यातले, आणि पीव्हीचे जन्मगाव मेरिडियन हे शेजारच्या मिसिसिपी राज्यात, गाडीने अडीच तासांच्या आत पोहोचता येईल इतक्या अंतरावर आहे. हार्टली पीव्ही यांनी १९६५ मध्ये, ज्या वर्षी त्यांना पदवी मिळाली त्याच वर्षी, ही कंपनी सुरू केली. त्यांच्या वडिलांचे मेरिडियनमध्ये वाद्यांचे दुकान होते, आणि मला नेहमी असे वाटते की वादकाच्या खिशात खरोखर किती पैसे असतात हे दुकानदाराच्या मुलाइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही. रात्री वाजवून सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला परवडेल असे मजबूत सामान बनवायचे, हे धोरण त्यांनी उघडपणे ठेवले. १९७८ मध्ये कंपनीने टी-४० नावाची बास गिटार बाजारात आणली, तेव्हा तिचे लाकूड संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर कापले जात होते. गिटार म्हणजे कारागिराच्या हाताचे काम, असे मानले जात असलेल्या काळात त्यामुळेच ती स्वस्त देता आली. तीही जडच होती.

या भागातल्या बासवादकांना पीव्हीबद्दल विचारले की दर वेळी दोन वाक्ये ऐकायला मिळतात. पहिले असे की, हा अँप जिन्यावरून गडगडत खाली गेला तरी वाजेल. दुसरे असे की, तो माझ्याकडे होता, पण मी विकला. मी गुरुवारी ज्या ब्लूज गटासोबत वाजवतो त्यातला दुसरा बासिस्ट पंचविशीतला आहे. त्याच्याकडे फेंडरचा रंबल ५०० आहे, जो ५०० वॅटचा असून साडेसोळा किलोंचा आहे, आणि तो मुलगा एका हातात अँप व दुसऱ्या हातात बास घेऊन जिना चढतो. त्याच्या मते पीव्हीच्या आवाजाला व्यक्तिमत्त्वच नाही; जे आत घालाल तेच मोठे होऊन बाहेर येते. मला हा आरोप कळत नाही असे नाही. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप ताणला की त्याचा आवाज जो घोगरा आणि भरदार होतो, तो ट्रान्झिस्टरच्या जुन्या पीव्हीतून मिळत नाही. उलट या कंपनीने बऱ्याच अँपमध्ये डीडीटी नावाचे सर्किट बसवले आहे, ज्याचे काम आवाज फाटू लागला हे ओळखून तो आवरणे हेच आहे. परंतु आत घातलेलेच बाहेर येणे हा दोष कसा, हा प्रश्न मी त्याला अनेकदा विचारला आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

वजनाच्या तक्रारीतली एक गोष्ट मला अधिक खटकते. हेच बासवादक अँपेग कंपनीच्या एसव्हीटी या अँपचे नाव आदराने घेतात. १९६९ मध्ये आलेल्या त्या ३०० वॅटच्या व्हॉल्व्ह अँपचे नुसते हेड, म्हणजे स्पीकर नसलेला अँप्लिफायर, माझ्या संपूर्ण पीव्हीपेक्षा जड आहे, आणि त्याच्याखाली ठेवायची आठ स्पीकरची पेटी ६० किलोंच्या पुढे जाते. त्या वजनाबद्दल बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसतो. महाग वस्तूचे वजन हे तिचे वैभव ठरते आणि स्वस्त वस्तूचे वजन हा तिचा गावंढळपणा ठरतो, हे मी इथे वारंवार पाहिले आहे. आपल्याकडे पितळी पातेल्याबद्दल असे कोणी बोलत नाही.

मुळात हे वजन येते कुठून, हे समजून घेतले तर राग बराच निवळतो. बासची सर्वांत खालची तार, म्हणजे ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. तिच्या आवाजाची लहर आठ मीटरहून लांब असते, आणि तेवढी हवा ढकलण्यासाठी मोठा पडदा आणि मोठे खोके लागते. जुन्या पीव्हीत त्या पडद्यामागे सिरॅमिकचे जाडजूड चुंबक आहे. नव्या हलक्या स्पीकरमध्ये तेच काम निओडिमियमचा छोटा तुकडा करतो. जुन्यात भिंतीतून येणारी वीज लोखंड आणि तांब्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून जाते, आणि सेकंदाला ६० आवर्तनांच्या विजेसाठी तो मोठाच असावा लागतो. नव्यात तीच वीज आधी हजारो आवर्तनांपर्यंत चढवली जाते, त्यामुळे मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शिवाय नवे डी वर्गाचे अँप्लिफायर फारच थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात, म्हणून त्यांना ॲल्युमिनियमच्या जाड पंखांची गरज उरत नाही. ही प्रगती खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. फक्त जाहिरातीतल्या वॅटच्या आकड्यांनी कोणी दबून जाऊ नये असे मला वाटते. माझ्या अँपच्या १३० वॅटवरून ५०० वॅटवर गेल्याने, बाकी सर्व सारखे असेल तर, आवाजात जेमतेम ६ डेसिबलची भर पडते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात.

मी हलका अँप घेऊ शकलो असतो. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या मित्राने गणपतीच्या तालमीला मला हे स्पष्टच विचारले, "अरे, एवढी नोकरी आहे, मग हे ओझं कशाला वाहतोस?" त्या वर्षी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती आणि पैसे तिकडे पाठवायचे होते, ही एक गोष्ट झाली, पण ती संपल्यानंतरही मी अँप बदलला नाही.

खरे कारण पुण्यातले आहे. मी अकरावीपासून आमच्या पेठेतल्या ऑर्केस्ट्रात बास वाजवत होतो. आमच्याकडे बासचा वेगळा अँप कधीच नव्हता. गायकाचा माइक, कीबोर्ड आणि माझी गिटार, सगळे एकाच आहुजाच्या अँप्लिफायरमध्ये जायचे आणि दोन उभ्या कॉलममधून बाहेर पडायचे. त्या अँप्लिफायरने आमच्यासाठी जे केले ते मी विसरणार नाही. मांडवात पाऊस गळत असतानाही तो कधी बंद पडला नाही. परंतु तो भाषणे लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी बनवलेला होता आणि कॉलममधले छोटे स्पीकर ४१ कंपनांपर्यंत खाली उतरूच शकत नव्हते. मी दहा वर्षे खालची ई वाजवली आणि मला तारेवर बोट आपटल्याचा टक् असा आवाज तेवढा ऐकू आला. सूर बोटांना जाणवायचा, कानांना नाही. लोक विचारायचे की तू नक्की वाजवतोस काय, आणि त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते.

इथे आल्यावर मी ज्यांच्याकडून पीव्ही घेतला, ते कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे चर्चच्या कामात मदत करणारे सेवक, आहेत आणि चाळीस वर्षे तिथे बास वाजवत आहेत. मी त्यांना मनात डीकनकाका म्हणतो. या भागातल्या जुन्या चर्चमध्ये पीव्हीचे सामान आजही दिसते, कारण देणगीच्या थोड्या पैशांत ते येत असे आणि पुढे वर्षानुवर्षे टिकत असे. त्यांनी तो अँप नवा असताना हप्त्याने घेतला होता. मी पैसे काढू लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "आधी उचलून बघ, मग पैसे दे." मी उचलला. त्यानंतर त्यांनी तो चालू करून बास माझ्या हातात दिली आणि मी सवयीने खालची ई छेडली. जमिनीतून काहीतरी माझ्या पायांत चढले. दहा वर्षे मी हेच वाजवत होतो, हे मला त्या क्षणी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पहिल्यांदा ऐकू आले. माझे डोळे भरून आले, आणि त्यांनी काही न विचारता खिडकीकडे तोंड फिरवले. त्यांचा तो सभ्यपणा माझ्या मनात कायमचा राहिला आहे.

हेही सांगायला हवे की डीकनकाका स्वतः आता हलक्या अँपवर वाजवतात. त्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे. नवा अँप कसा वाटतो असे विचारल्यावर ते म्हणाले, "निर्णय पाठीने घेतला, कानाने नाही." माझी पाठ अजून धड आहे, म्हणून मी कदाचित जास्त बोलतो.

दुकानातून परतलो त्याच रविवारी प्रार्थना संपल्यावर मी अँप त्यांच्या चर्चच्या मागच्या खोलीत नेला. त्यांनी आधी बाहेरचा एक स्पीकर मागच्या जॅकला जोडला. आवाज आला, म्हणजे अँप्लिफायर शाबूत होता. मग त्यांनी आतल्या स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि मीटर लावला. चार ओहमच्या स्पीकरवर साधारण तीन-साडेतीन दाखवायला हवे होते, काटा हललाच नाही. व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, जळाली होती. या निदानाला मोजून दहा मिनिटे लागली.

पुढे जे झाले त्यासाठी पीव्हीच्या त्या जुन्या अभियंत्यांना मी मनापासून नमस्कार करतो. टीएनटीमधल्या ब्लॅक विडो स्पीकरचा सांगाडा, म्हणजे पडदा आणि कॉइलसकट पुढचा संपूर्ण भाग, चुंबकापासून बोल्ट काढून वेगळा होतो. बहुतेक स्पीकरमध्ये तो कायमचा चिकटवलेला असतो. कॉइल जळली की नवे कोन चिकटवून घेण्यासाठी तो कारागिराकडे पाठवावा लागतो किंवा फेकून द्यावा लागतो. इथे जड चुंबक जागेवर राहते, नवा सांगाडा मागवायचा आणि स्वतः बसवायचा. कार्यक्रम घरापासून तीनशे मैलांवर असेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवायचे असेल, अशा माणसाचा विचार करून कोणीतरी हे बनवले आहे. आठवड्याने सांगाडा आला. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कण जाऊ नये म्हणून डीकनकाकांनी ती फट आधी चिकटपट्टीने पुसून घेतली, मी बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले, आणि दुपारचे जेवण व्हायच्या आत ई पुन्हा पायांत चढली.

इथले लोक वस्तू फेकतात आणि आपण दुरुस्त करतो, असे मी त्या दुकानातून निघताना ठामपणे म्हणत होतो. मला दुरुस्तीचा धीर देणारा माणूस मात्र अलाबामाचा होता, आणि गेल्याच वर्षी पुण्यातल्या आमच्या घरचा मिक्सर सुटा भाग मिळत नाही म्हणून भंगारात गेला. तरीही तापकीर गल्लीबद्दलचा माझा विश्वास कमी झालेला नाही.

पुढेमागे परत आलो तर हा अँप सोबत आणायचा, असे मी ठरवले आहे. विमानाच्या एका बॅगेची ३२ किलोंची कमाल मर्यादा तो दोन किलोंनी ओलांडतो, परंतु स्पीकर काढून वेगळ्या बॅगेत घातला तर खोके २६ किलोंवर येते. खरी अडचण विजेची आहे. त्याचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट आणि ६० आवर्तनांसाठी गुंडाळलेला आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० आवर्तने असल्याने, स्टेप-डाउन लावला तरी तो इथल्यापेक्षा अधिक तापणार. म्हणून गेल्या शनिवारी मी तापकीर गल्लीतल्या, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या आमच्या जुन्या काकांना त्याचा फोटो पाठवला आणि फोन केला. त्यांनी कंपनी विचारली नाही, वॅट विचारले नाहीत, किंमतही विचारली नाही. फोटो मोठा करून पाहिला असावा, कारण थोडा वेळ ते गप्प होते, आणि मग म्हणाले, "माल चांगला दिसतोय. वजन किती भरतं?"